गाडीतल्या जुन्या वायरलेस सेटला नवं काम: निवड, प्रोग्रॅमिंग आणि जोडणी

पोलिसांच्या जीप, अग्निशमन दलाचे बंब, बंदरातल्या टगबोटी, वीजवाहिन्यांची देखभाल करणाऱ्या गाड्या, अशा ठिकाणी वर्षानुवर्षं राबलेले व्हीएचएफ आणि यूएचएफ या दोन रेडिओपट्ट्यांतले सेट आता लिलावात आणि भंगारात दिसतात. त्यातले बरेचसे बिघडलेले नसतात. यंत्रणा डिजिटल झाल्या, सुटे भाग मिळेनासे झाले आणि या सेटचं प्रोग्रॅमिंग करणारा, डॉस या जुन्या प्रणालीवरचा संगणक कार्यालयातून कधीच हलला. अमेरिकेत तर नियमानेच हे घडलं. १५०–१७४ आणि ४२१–४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत व्यावसायिक वापरासाठी १ जानेवारी २०१३ पासून १२.५ किलोहर्ट्झचा अरुंद चॅनेल सक्तीचा झाला आणि २५ किलोहर्ट्झवर चालणारे धडधाकट सेट एका तारखेला बाद ठरले. ते गठ्ठ्याने हॅमकडे, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओ चालवणाऱ्यांकडे, आले.

माझं मत आधीच सांगतो. या सेटला एकच काम द्यावं. एक फ्रिक्वेन्सी, एक जागा, एक अँटेना. फिरवून फिरवून फ्रिक्वेन्सी बदलण्यासाठी, चार बँड ऐकण्यासाठी नवे हॅम सेट आहेत. जुन्या व्यावसायिक सेटला डायल नसते, चॅनेल मोजके असतात आणि एक आकडा बदलायचा तरी संगणक लावावा लागतो. पण एका जागी, एका फ्रिक्वेन्सीवर दिवसरात्र ऐकत राहण्यात त्याचा हात धरणारं उपकरण त्या पैशांत मिळत नाही. त्याचा रिसीव्हर मुळातच अशा छतांसाठी बनवलाय, जिथे शेजारी दुसरे ट्रान्समीटर जोरात बोलत असतात. स्वस्त हँडसेट अशा ठिकाणी बहिरा होतो. हा होत नाही. शिवाय ओतीव धातूची जाडजूड बॉडी, वीस-पंचवीस वॅट आणि मागच्या बाजूला हवे ते सिग्नल बाहेर काढून ठेवलेला कनेक्टर. त्या कनेक्टरसाठीच मी हे सेट घेण्याचा सल्ला देतो.

या लेखात मुख्य उदाहरण मोटोरोलाच्या जीएम३०० चं घेतलं आहे. १९९० च्या दशकात हा सेट जगभर खपला आणि त्यावर जमलेली माहितीही भरपूर आहे. जीएम३३८ आणि केनवुडचे टीके मालिकेतले सेट ओघात येतील.

आधी परवाना

भारतात वायरलेस सेट घरात नुसता ठेवणं हासुद्धा परवान्याचा विषय आहे, हे लक्षात असू द्या. हॅम परवान्यासाठी केंद्राच्या दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा द्यावी लागते. अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो आणि वयाची किमान अट १२ वर्षांची आहे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे परवान्याच्या प्राथमिक श्रेणीला, मोर्स लागत नाही आणि त्याच्या व्हीयू३ कॉलसाइनवर (हॅमच्या ओळखचिन्हावर) २ मीटर बँडमध्ये, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, बोलता येतं. या लेखातली जवळपास सगळी कामं त्या पट्ट्यात बसतात.

इथे एक गैरसमज मोडून काढायलाच हवा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून कुणीतरी सुचवतं की जुना यूएचएफ सेट ४४६ वर प्रोग्रॅम करा आणि शेतावर, ट्रेकला, सोसायटीच्या वॉचमनला द्या. ही सूट त्या फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त हँडसेटना आहे. २५ वॅटचा गाडीतला सेट त्या आकड्यावर आणला म्हणून तो परवानामुक्त होत नाही. हॅम परवान्यावर धंद्याचे निरोपही देता येत नाहीत. ज्यांना रखवालीसाठी किंवा दुकानासाठी वॉकीटॉकी हवी आहे, त्यांनी सरळ मान्यताप्राप्त हँडसेट घ्यावा. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

सेट घेताना पावती किंवा लिलावाचे कागद घ्या आणि सांभाळून ठेवा. सरकारी खात्याचा शिक्का असलेला आणि कागद नसलेला सेट कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

सेट हातात आल्यावर पहिलं काम: लेबल वाचणं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सेट उचलताना समोरची बटणं बघू नका. उलटा करा आणि लेबल वाचा. जीएम३०० चा मॉडेल क्रमांक एम३३जीएमसी किंवा एम४४जीएमसी अशा अक्षरांनी सुरू होतो. दुसरं स्थान शक्तीचं: ३ म्हणजे साधारण २५ वॅटपर्यंतचा, ४ म्हणजे त्याहून मोठा, चाळीस-पंचेचाळीस वॅटचा. तिसरं स्थान बँडचं: ३ असेल तर व्हीएचएफ, ४ असेल तर यूएचएफ. तेव्हा एम३३ म्हणजे लहान शक्तीचा व्हीएचएफ सेट. आपल्याला तोच हवा.

बँड कळला तरी पुरत नाही, कारण एकाच बँडचे तुकडे असतात. व्हीएचएफ जीएम३०० दोन तुकड्यांत आला: १३६–१६२ आणि १४६–१७४. पहिला मिळाला तर प्रश्नच मिटला, आपला २ मीटर बँड त्यात आरामात बसतो. दुसरा १४६ ला सुरू होतो आणि आपला बँड १४६ ला संपतो. त्याचं हार्डवेअर थोडं खाली उतरून बहुधा लॉक होतं, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर स्थिरावतं, पण सॉफ्टवेअर तो आकडा घ्यायला नकार देतं. मग फाइल हेक्स एडिटरने (फाइलमधले कच्चे आकडे बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) बदलण्याचे उद्योग सुरू होतात. ते जमतात, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये. यूएचएफमध्ये तर आणखी गंमत आहे. जीएम३०० चे सर्रास दिसणारे तुकडे ४०३–४३३ आणि ४३८–४७० असे आहेत आणि भारतात हॅमना मिळालेला पट्टा ४३४–४३८ आहे. बरोब्बर दोन्हींच्या मधल्या फटीत! म्हणून यूएचएफ हवा असेल तर जीएम३३८ बघा. तो ४०३ ते ४७० सलग जातो आणि त्याचा व्हीएचएफ भाऊ १३६ ते १७४ सलग.

यापेक्षा जुने, क्रिस्टलवर चालणारे सेटही भंगारात येतात. पनवायर कंपनीचे किंवा भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने पोलीस सेट ही त्यांची आपल्याकडची ओळख. त्यांत प्रोग्रॅमिंग नसतंच. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा क्रिस्टल कापून घ्यावा लागतो आणि तो कापून देणारे आता शोधावे लागतात. संग्रहासाठी किंवा डबा, हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती), रिले यांसाठी घ्या.

तिसरी गोष्ट चॅनेलच्या रुंदीची. २५ किलोहर्ट्झचा सेट ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी जितकी हलते त्या मापाने) बोलतो, १२.५ चा २.५ ने. आपल्या २ मीटर बँडवर बरीचशी मंडळी अजून रुंद चॅनेलवर आहेत. अरुंद सेट त्यांना दबलेला, पुटपुटल्यासारखा ऐकू येईल आणि त्यांचा आवाज अरुंद रिसीव्हरमध्ये फाटेल. जीएम३३८ मध्ये रुंदी सॉफ्टवेअरमधून बदलते. जुन्या सेटमध्ये ती आतल्या फिल्टरवर ठरलेली असते, तेव्हा २५ चाच घ्या.

टेबलावरची तपासणी

सेटला १३.६ ते १३.८ व्होल्ट डीसी लागतात. २५ वॅटचा सेट बोलताना सहा-सात अँपिअर ओढतो, म्हणून सप्लाय किमान १० अँपिअरचा ठेवा. लॅपटॉपचा चार्जर किंवा एलईडी पट्ट्यांचा स्वस्त एसएमपीएस वापरू नका. एक तर तो बोलताना बसतो आणि न बसला तरी रिसीव्हरमध्ये गुरगुर सोडतो. सुरुवातीला गाडीची बॅटरी उत्तम, पण वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. पोलॅरिटी उलटी लागली तर सेटमधला संरक्षक डायोड शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि सेट वाचतो. फ्यूज नसेल तर आधी डायोड जातो, मग बोर्डवरची पट्टी जळते.

अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे लहरी न सोडता शक्ती जिरवणारा रोध, लावा. मोटोरोलाच्या पुष्कळ सेटवर मिनी-यूएचएफ सॉकेट असतं, त्यासाठी बीएनसीचा अडॅप्टर आधीच घेऊन ठेवा. लोड किंवा अँटेना लावल्याशिवाय पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबायचा नाही. गंमत म्हणूनही नाही.

सेट सुरू होतो, दिवे लागतात, पण आवाज नाही? जीएम३०० मुका म्हणून मातीमोल विकला जातो त्याचं हे सगळ्यात मोठं कारण आणि ते बिघाडच नव्हे. मागे १६ पिनांचा ॲक्सेसरी कनेक्टर आहे. त्यातल्या १५ आणि १६ या पिना एकमेकींना जोडलेल्या असतील तरच आतला स्पीकर वाजतो. मूळ गाडीत ही जोडणी एका छोट्या प्लगमध्ये होती. सेट काढताना तो प्लग गाडीतच राहिला. दोन पिनांवर एक जम्पर चढवा, रिकाम्या चॅनेलची खरखर ऐकू येईल. सेट घेताना एक जम्पर खिशात ठेवावा.

आवाज आला की झाकण उघडून आत नजर टाका. अँटेना सॉकेटच्या मुळाशी सोल्डरला भेग आहे का, पॉवर मॉड्यूलचे स्क्रू ढिले आहेत का, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पायाशी ओलसर तपकिरी डाग आहे का. गाडीच्या थरथरीने पहिल्या दोन गोष्टी होतात, वयाने तिसरी. स्क्रू ढिला असेल तर मॉड्यूलची उष्णता बॉडीला जात नाही, ते घट्ट करणं ही फुकटातली मोठी दुरुस्ती आहे. मग वॅटमीटर लावून दोन-तीन सेकंद पीटीटी दाबा आणि किती वॅट निघतात ते लिहून ठेवा. आधीच्या मालकाचा चॅनेल अजून सेटमध्ये आहे, म्हणून हे फक्त डमी लोडवर आणि तेवढ्यापुरतंच.

प्रोग्रॅमिंग

खरी कसोटी इथे आहे, आणि ती रेडिओची नसून संगणकाची आहे.

जीएम३०० चं सॉफ्टवेअर आरएसएस नावाचं, डॉसवर चालणारं. संगणक आणि सेट यांच्यामध्ये रिब नावाची डबी लागते. ती संगणकाच्या सीरियल पोर्टचे व्होल्टेज सेटच्या ५ व्होल्टच्या एकतारी बसला जुळवून देते. रिबला स्वतःचा सप्लाय लागतो, ९ व्होल्टची बॅटरीही चालते. सेटकडे जाणारी केबल समोरच्या माइकच्या ८ पिनांच्या सॉकेटमध्ये जाते. हे सॉकेट दिसायला नेटवर्कच्या केबलसारखं असलं तरी त्याच्या पिनांचा नेटवर्कशी काही संबंध नाही, म्हणून लॅनची केबल कापून अंदाजाने जोडू नका. सेटचं सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवूनच केबल करा किंवा तयार घ्या.

आरएसएस लिहिणाऱ्यांनी सेटशी बोलण्याचं टायमिंग प्रोसेसरच्या वेगावर बसवलं होतं. त्यामुळे वेगवान संगणकावर ते सेटला प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत वाट पाहणं सोडून देतं आणि पडद्यावर सीरियल बसची चूक येते. लोक सेट खराब आहे समजतात. उपाय म्हणजे ३८६, ४८६ किंवा अगदी सुरुवातीचा पेंटियम लॅपटॉप, ज्याला खराखुरा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आहे, आणि त्यावर निखळ डॉस. विंडोजच्या आतली डॉसची खिडकी नको. यूएसबीचा सीरियल कन्व्हर्टरही इथे चालत नाही, कारण जुनं सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या हार्डवेअरशी बोलतं. मो-स्लो सारखा वेग कमी करणारा छोटा प्रोग्रॅम काही संगणकांवर काम भागवतो. डॉसबॉक्समध्ये सेट वाचला गेल्याची उदाहरणं आहेत, पण तिथून सेटमध्ये लिहायचा धोका मी कुणाला पत्करू देणार नाही. वाचताना चूक झाली तर पुन्हा वाचता येतं. लिहिताना अर्ध्यावर थांबलं तर सेट निकामी होऊ शकतो. एखाद्या गावात चार हॅम असतील तर चौघांत मिळून एक जुना लॅपटॉप सांभाळावा, प्रत्येकाने वेगळा शोधत बसू नये.

जीएम३३८ इथे फार सोपा. त्याचं सीपीएस हे प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, एक्सपी असलेला जुना लॅपटॉप त्याला मानवतो आणि यूएसबी केबलही चालते. केबलमध्ये एफटीडीआयची चिप असलेली घ्या. स्वस्त केबलींमध्ये प्रॉलिफिकच्या नकली चिप असतात आणि नव्या विंडोजमधला ड्रायव्हर त्या ओळखून बंद पाडतो. केनवुडच्या टीके-७१०२, टीके-७१८० आणि त्यांच्या यूएचएफ भावंडांना चर्प हे मोफत सॉफ्टवेअर वाचतं, म्हणजे जुना संगणक शोधायचीही गरज नाही. पहिलाच सेट असेल आणि दोन्ही समोर असतील तर केनवुड उचला. त्याच्या लेबलवरचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा तेवढा तपासा, कारण त्यातही तुकडे आहेत.

आता क्रम. कुठलाही सेट असो, हा बदलू नका.

१. सेट डमी लोडवर, बॅटरी पूर्ण चार्ज किंवा सप्लाय यूपीएसवर. लिहिण्याच्या मधोमध वीज गेली तर काय होतं ते वर आलंच आहे.

२. सेट वाचा. त्याच्या मेमरीतली सगळी माहिती, जिला कोडप्लग म्हणतात, ती फाइलमध्ये साठवा. फाइलच्या नावात सेटचा सिरियल क्रमांक घाला आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. कोडप्लगमध्ये फक्त चॅनेल नसतात. त्या विशिष्ट सेटची कारखान्यातली जुळणी, म्हणजे शक्ती, डेव्हिएशन, फ्रिक्वेन्सीची दुरुस्ती, हेही त्यात असतं. म्हणून एका सेटची फाइल दुसऱ्यात उतरवून वेळ वाचवू नका.

३. जुन्या मालकाचे सगळे चॅनेल पुसा. पोलीस किंवा इतर कुठल्याही यंत्रणेची फ्रिक्वेन्सी तुमच्या सेटमध्ये राहता कामा नये, ट्रान्समिटला तर नाहीच आणि ऐकायलाही नाही. स्कॅनच्या याद्या, सिलेक्टिव्ह कॉलिंगचे कोड, पीटीटी सोडताना वाजणारे डेटाचे चिवचिवाट, सगळं काढा. मूळ कोडप्लगची प्रत जुळणीच्या आकड्यांपुरती ठेवायची आहे, तीत असलेल्या फ्रिक्वेन्सी कुणाला वाटायच्या नाहीत.

४. तुमचा चॅनेल भरा. रिपीटरसाठी (सिग्नल ऐकून तो पुन्हा पाठवणाऱ्या केंद्रासाठी) उदाहरण घेऊ: रिपीटर १४५.७०० वर बोलत असेल तर तो ६०० किलोहर्ट्झ खाली, १४५.१०० वर, ऐकतो. तुमच्या सेटचं रिसीव्ह १४५.७००, ट्रान्समिट १४५.१००. हॅम सेटमध्ये शिफ्ट नावाचं बटण असतं, इथे दोन्ही आकडे स्वतः घालायचे. रिपीटरला सीटीसीएसएस टोन (आवाजाखाली जाणारा ओळखीचा सूर) लागत असेल तर तो ट्रान्समिटच्या रकान्यात भरा आणि रिसीव्हचा रकाना सुरुवातीला मोकळा ठेवा, म्हणजे टोन चुकला तरी निदान ऐकू तरी येईल.

५. टाइमआउट टायमर लावा, एक ते तीन मिनिटांचा. पीटीटी अडकून राहिला तर हाच सेटला आणि बँडवरच्या सगळ्यांना वाचवतो. बिझी चॅनेल लॉकआउट (चॅनेलवर कुणी असताना बोलू न देणारी सोय) बंद ठेवा.

६. लिहा, सेट बंद करून सुरू करा आणि पुन्हा वाचून नव्या फाइलशी ताडून बघा. सेट सुरू झाल्यावर बीप वाजतच राहिला, तर सिंथेसायझर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) त्या फ्रिक्वेन्सीवर लॉक होत नाहीये. तेव्हा लेबल परत वाचा, बहुधा तुकडा चुकलेला असतो.

त्यानंतर फ्रिक्वेन्सी आणि डेव्हिएशन तपासा. वर्कशॉपमधला सर्व्हिस मॉनिटर मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर एखाद्या जाणत्या हॅमच्या घरी आरटीएल-एसडीआर डोंगलवर (संगणकाला लावायच्या रिसीव्हरवर) सिग्नलचा आकार बघा. बोलताना तो किती रुंद होतो, मध्य सरकलाय का, हे डोळ्यांनी दिसतं. वीस-तीस वर्षांत आतला संदर्भ क्रिस्टल थोडा सरकतोच. त्याची दुरुस्ती सर्व्हिस मेनूतून होते, पण मोजायला भरवशाचं साधन असल्याशिवाय त्या मेनूत शिरू नका.

मला सगळ्यात आवडणारं काम: पॅकेट आणि एपीआरएस

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम रेडिओ आहे आणि तो १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट संदेश, म्हणजे सुरांच्या रूपात जाणारे डेटाचे छोटे गठ्ठे, घेऊन परत पाठवतो. जुन्या व्यावसायिक सेटसाठी याहून चांगलं काम मला माहीत नाही. फ्रिक्वेन्सी एकच, पाठवायला आणि घ्यायला तीच. स्थानक वेगाने येतं आणि जातं, त्यामुळे डॉप्लर परिणामाने फ्रिक्वेन्सी सरकते, पण या बँडवर ती साधारण साडेतीन किलोहर्ट्झपर्यंतच, आणि २५ किलोहर्ट्झचा फिल्टर ते सहज पोटात घेतो. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं, डोक्यावरची चांगली फेरी दहाएक मिनिटं चालते. २५ वॅट आणि गच्चीवरचा साधा अँटेना पुरतो.

जोडणी अशी. सेटच्या मागे जीएम३०० चा तोच १६ पिनांचा कनेक्टर. पिन ७ ग्राउंड. पिन ११ वर रिसीव्हरचा आवाज येतो, व्हॉल्यूमच्या बटणाशी त्याचा संबंध नाही. पिन २ वर बाहेरच्या माइकचा आवाज आत जातो. पिन ३ ग्राउंडला टेकवली की सेट ट्रान्समिटला जातो. या चार तारा एका छोट्या यूएसबी साउंडकार्डला आणि रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला जोडायच्या, त्यावर डायरवुल्फ हे पॅकेट उलगडणारं मोफत सॉफ्टवेअर. पीटीटीसाठी बीसी५४७ सारखा ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलर लागतो. साउंडकार्डचा आउटपुट सरळ पिन २ ला देऊ नका, तो माइकच्या मानाने फार मोठा असतो. मध्ये १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून जुळवायचा रोध) आणि एक कपॅसिटर घाला. गुणगुण आली तर दोन्ही आवाजांच्या तारांत छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातले की ग्राउंडचा फेरा तुटतो. हातातला माइक काढून ठेवा, नाहीतर खोलीतला आवाज पॅकेटबरोबर जाईल.

पिन ५ चं काय? ती ट्रान्समीटरची सपाट वाट आहे, आवाजावरचे सगळे संस्कार टाळून थेट मॉड्युलेटरकडे जाणारी. १२०० बॉडचे (बॉड म्हणजे डेटाचा वेग) १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूर माइकच्या वाटेने सुखाने जातात, त्यामुळे तिची गरज नाही. ९६०० बॉडला मात्र तीच हवी. पिन ११ सुद्धा सपाट लागते, त्यासाठी आतल्या बोर्डवर जेयू५५१ नावाचा जम्पर आहे: एका स्थितीत बोलण्यासाठी सुधारलेला आवाज बाहेर येतो, दुसरीत डिस्क्रिमिनेटरचा (सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाचा) कच्चा. ही सोय कारखान्यातूनच दिलेली असणं ही या सेटची खरी किंमत. नव्या स्वस्त सेटमध्ये त्यासाठी सोल्डरिंग आयर्न घेऊन चिपच्या पायाशी जावं लागतं.

पातळी जुळवताना घाई नको. रिसीव्ह बाजूला डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटसोबत आवाजाची पातळी दाखवतं, ती ५० च्या आसपास ठेवा. ट्रान्समिट बाजूला प्रीसेट पूर्ण खाली ठेवून सुरू करा आणि डेव्हिएशन ३ किलोहर्ट्झच्या आसपास येईपर्यंत हळूहळू वाढवा. जास्त म्हणजे चांगलं हा समज इथे हमखास फसवतो, कारण सेटचा लिमिटर सूर कापायला लागतो आणि जोरदार सिग्नल असूनही कुणालाच पॅकेट उलगडत नाही. ट्रान्समिट सुरू झाल्यापासून डेटा जाईपर्यंतची उसंत ३०० मिलिसेकंद ठेवा. जुन्या सिंथेसायझरला स्थिरावायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

जमिनीवरच्या एपीआरएससाठीही (पॅकेटने ठिकाण आणि छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीसाठी) हीच जोडणी. तिथली फ्रिक्वेन्सी आणि वाट तुमच्या भागातल्या हॅम क्लबला विचारून ठरवा.

दुसरं काम म्हणजे घरचा कायमचा सेट: स्थानिक रिपीटर किंवा गटाची ठरलेली फ्रिक्वेन्सी, बॅटरीवर. भूजच्या २००१ च्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅमनी संपर्क चालवला, तेव्हा बाकीचं जाळं कोसळलेलं होतं. अशा वेळी डायल नसणं हा गुणच ठरतो. घरातलं कुणीही सेट चालू केला तरी तो बरोबर फ्रिक्वेन्सीवरच असतो, ऐकायला तेवढं पुरतं. बोलायचं मात्र परवानाधारकाने.

तिसरं, दोन सेट पाठीला पाठ लावून रिपीटर. लोकांना याचंच आकर्षण जास्त असतं, म्हणून थोडक्यात सावध करतो. एकाच बँडमध्ये ६०० किलोहर्ट्झच्या अंतरावर एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं तर मोठा कॅव्हिटी डुप्लेक्सर (पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) लागतो. तो दोन्ही सेटपेक्षा कितीतरी महाग, आणि जुळवायला उपकरणं लागतात. एक सेट व्हीएचएफ आणि दुसरा यूएचएफ घेतला तर ही अडचण बरीच सुटते. परवानगी मात्र दोन्ही प्रकारांत वेगळी घ्यावी लागते. क्लबने करायचं काम आहे, एकट्याने नव्हे.

उष्णता आणि अँटेना

गाडीतला सेट थोडं बोलून पुष्कळ ऐकण्यासाठी बनवलेला असतो. पाचातला एक भाग बोलणं, चार भाग ऐकणं, असा त्याचा हिशेब. पॅकेट किंवा रिपीटरच्या कामाला लावताना शक्ती कमी करा, पण कंपनीने दिलेल्या किमान शक्तीच्या खाली ढकलू नका, तिथे पॉवर स्टेज अस्थिर होऊन भलत्याच फ्रिक्वेन्सीवर कचरा सोडू शकते. हीट सिंकच्या पात्यांवर एक ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा संगणकाचा फॅन बसवा. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या सेटला तो चैनीचा नसतो.

अँटेना विकत घ्यायची गरज नाही. १४५ मेगाहर्ट्झसाठी उभी काडी ४९ सेंटिमीटर, खाली ४५ अंशांत झुकलेल्या चार काड्या ५२ सेंटिमीटरच्या, मध्ये एसओ-२३९ सॉकेट. काड्या खाली झुकवल्यामुळेच इम्पीडन्स ५० ओहमच्या जवळ येतो. वेल्डिंगची पितळी सळई उत्तम, कोकणात आणि गोव्यात लोखंड टाळा. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) दीडच्या आत आणा. जास्त असेल तर उभी काडी तीन-तीन मिलिमीटर कापत जा. म्हणून ती सुरुवातीला सेंटिमीटरभर लांबच ठेवायची. सॉकेटच्या खालच्या जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा. पाऊस कोॲक्समध्ये (अँटेनाच्या केबलमध्ये) एकदा शिरला की पूर्ण तार टाकावी लागते.

जे सेट चालणारच नाहीत

प्रत्येक सेट वाचत नाही. अशांतून माइक, ब्रॅकेट, कनेक्टरचे प्लग, स्पीकर, नॉबसारखे सुटे भाग काढून ठेवा. १६ पिनांचे प्लग तर सेटपेक्षा दुर्मीळ आहेत. पॉवर ट्रान्झिस्टर किंवा मॉड्यूल मात्र फोडू, कापू किंवा घासू नका. जुन्या आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची पूड श्वासात गेली तर फुप्फुसाला कायमची इजा करते. अख्खा भाग तसाच नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

चालू झालेल्या प्रत्येक सेटच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवा: कॉलसाइन, भरलेल्या फ्रिक्वेन्सी आणि टोन, मोजलेली शक्ती, कोडप्लगच्या फाइलचं नाव, तारीख. आणि रिब, केबल व सॉफ्टवेअर यांचा जुना लॅपटॉप वर्षातून दोनदा सुरू करून बघा. त्याच्या आतली घड्याळाची बॅटरी मेली की बायोसची सेटिंग पुसली जातात आणि मग हार्ड डिस्क ओळखू येत नाही.